वाफवलेल्या भाजीला मीठ कधी घालायचं?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाढत्या वजनावर, मधुमेहावर किंवा नुसत्या रात्रीच्या हलक्या जेवणावर लेख आला की आपल्या पुरवणीत एक पाककृती हटकून असते. फ्लॉवरचे तुरे, गाजर, फरसबी वाफवून घ्या, चवीनुसार मीठ-मिरपूड भुरभुरा, लिंबू पिळा. दूध, दही, तूप, मध सोडलेल्या व्हीगन मंडळींसाठी त्याच पाककृतीतला 'बटर' हा शब्द खोडला जातो, बाकी तीच. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांतून रात्री नऊला घरी पोचणारा माणूस ती दोन दिवस करतो आणि तिसऱ्या दिवशी वडापाव घेऊन येतो. दोष त्याच्या जिभेचा नाही. वाफवलेल्या भाजीत चव आणायचं बहुतेक काम भांडं गॅसवरून उतरल्यानंतरच्या पाच मिनिटांत होतं, आणि पाककृती नेमकी तिथेच 'चवीनुसार' म्हणून हात झटकते.

आधी वाफेला काय जमत नाही ते सांगतो. साध्या भांड्यातली वाफ १०० अंशांच्या आसपास असते. कांद्याला तांबूस रंग, बटाट्याला खरपूस कड, भाजलेल्या दाण्याचा वास, हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने होतं. त्यामुळे तासभर वाफवलं तरी भाजी खमंग होणार नाही, फक्त गाळ होईल. खमंगपणा बाहेरून आणावा लागतो, भाजलेल्या कुटातून नाहीतर फोडणीतून. चाळणीखालच्या पाण्यात मीठ, हळद, तिखट, आमसूल टाकण्याची पद्धतही बरीच दिसते. ती फुकट आहे. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, तिखटाचा जाळ चढत नाही, चिंच-आमसुलाचा आंबटपणा खालीच राहतो. वर जातो तो फक्त उडणारा सुवास. म्हणून त्या पाण्यात काही टाकायचंच असेल तर गवती चहाच्या चार पाती गाठ मारून, ठेचलेलं आलं किंवा चमचाभर ओवा टाका. फ्लॉवर आणि बटाट्याला ओव्याचा वास छान लागतो. गाजराला नाही, पण ही आमची आवड.

चिरलेल्या भाजीला आधीच मीठ चोळून ठेवलं तर? भाजी पाणी सोडते. शिवाय चाळणीत वाफ भाजीवर थंड होऊन पाणी बनते आणि ते पाणी मीठ धुऊन खाली नेतं. घातलेल्या मिठातलं निम्मंही ताटात येत नाही, मग माणूस वरून आणखी घालतो. पानात बांधून वाफवायचं असेल तेव्हाच मीठ आधी घालावं. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

भांडं कुठलंही चालतं. मोदकपात्र उत्तम. इडलीपात्रात थाळ्यांऐवजी चाळण बसवली तरी झालं. कुकर वापरायचा तर शिट्टी काढून ठेवा आणि झाकणाच्या नळीतून सलग वाफ यायला लागली की मिनिटं मोजायला घ्या. शिट्टी ठेवलीत तर आतलं तापमान १२० अंशांकडे जातं, आणि फ्लॉवर-फरसबीला ते एकदम जास्त होतं. पाणी तळाला दोन बोटं, चाळणीला टेकणार नाही एवढंच. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, म्हणजे थेंब भाजीवर पडत नाहीत. मोदकाला आपण हे न चुकता करतो, भाजीला का नाही कोण जाणे.

वेळ तुकड्याच्या मापावर आहे. तीन सेंटिमीटरच्या फोडी धरल्या तर बटाट्याला १२ ते १५ मिनिटं, रताळ्याला जवळपास तेवढीच, लाल भोपळ्याला ८ ते १०, दुधीला ५ ते ६, गाजराच्या जाड चकत्यांना ६ ते ८. फ्लॉवरच्या मध्यम तुऱ्यांना ५ ते ६, फरसबीला तेवढीच, मटारला ३ ते ४, पालकाला दीड-दोन. बिटाला २० ते २५, म्हणून ते वेगळं. सगळं एकाच वेळी चाळणीत ओतण्यात अर्धा घात आहे: बटाटा शिजेपर्यंत फरसबी शेवाळी होते. हिरव्या भाजीतलं हरितद्रव्य उष्णता आणि आम्ल मिळून मोडतं, सात-आठ मिनिटांनंतर ते डोळ्यांना दिसतं. भाजीतून सुटणारं आम्ल उडून जावं म्हणून पहिलं मिनिट झाकण उघडं ठेवावं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग राहतो, पण भाजी लिबलिबीत होते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. कोबी-फ्लॉवर फार वेळ ठेवले की गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास सुटतो. तो एकदा सुटला की वर कितीही मसाला घाला, जात नाही.

आता ती पाच मिनिटं. फ्लॉवरचा एक तुरा चाळणीतून काढून देठ वर करून धरा. बेचक्यांतून टपटप पाणी गळताना दिसेल. हे पाणी भाजीत असताना मीठ, लिंबू, तेल घातलं तर सगळं ताटाच्या तळाशी जातं: खाली खारट-आंबट पाणी, वर अळणी फ्लॉवर. म्हणून भाजी उतरवली की खोलगट भांड्यात न टाकता परातीत एका थरात पसरा आणि दोन मिनिटं अंगची वाफ जाऊ द्या. पृष्ठभाग ओलसर दिसायचा थांबतो, हाताला किंचित कोरडा लागतो. भाजी अजून गरमच असते, फक्त न्हालेली नसते. पंख्याखाली पसरू नका, गार होते आणि मग मीठ वरच्या वर राहतं.

मग मीठ. अर्धा किलो वाफवलेल्या भाजीला ५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट लहान चमचा. (या पत्रात लहान चमचा ५ मिलिचा, मोठा १५ मिलिचा.) चटणी किंवा कुटात मीठ असेल तर पाऊण चमचाच. मीठ लावल्यावर अर्धं मिनिट थांबून मग तेल. उलट केलंत, आधी तेल घातलंत, तर तेलाच्या थरावर मीठ विरघळत नाही आणि दाताखाली कचकचतं. बटाटा, रताळं, बीट, सुरण यांना आंबट गरमागरमच आणि तेलाच्या आधी द्यावं, ते आतपर्यंत ओढून घेतात. हिरव्या भाज्यांना आंबट अगदी शेवटी, ताटात वाढताना, नाहीतर इतक्या मेहनतीने राखलेला रंग दहा मिनिटांत जातो. आणि कूट सगळ्यात शेवटी, कारण ते ओलं झालं की त्याचा चिखल होतो. मीठ, तेल, कूट, आणि आंबट भाजी बघून आधी किंवा नंतर. फोडणी देणार असाल तर ती तेलाच्या जागी. वाचायला किचकट वाटेल, हाताला दोन दिवसांत बसतं.

तेलाला घाबरू नका. गाजर आणि भोपळ्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय शरीरात नीट शोषलं जात नाही. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा पुरे. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल कच्चं घ्या. भाकरीवर ठेचा आणि कच्चं तेल खाणाऱ्याला त्याची चव समजावून सांगायला नको. रिफाइंड तेल इथे काहीच करत नाही, कारण त्याला वासच नसतो.

कुटांचा विषय मोठा आहे आणि खरी गंमत तिथेच आहे. ज्या चटण्या आपण डब्यात भरून भाकरीसाठी ठेवतो, त्या वाफवलेल्या भाजीला ऑलिव्ह तेल आणि ऑरिगॅनोपेक्षा कितीतरी जास्त देतात. दाण्याचं कूट फरसबी, कोबी, गाजराला. अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे कूट, एक हिरवी मिरची अर्धा लहान चमचा जिरं आणि मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून, वर अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर. दाणे मंद आचेवर ८ ते १० मिनिटं, साल बोटांनी चुरगळून सुटेपर्यंत भाजा. तयार सोललेल्या दाण्यांचं कूट पांचट लागतं. कुटात मिक्सर दोन-तीनदाच फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो.

दुधी, दोडका, वांगं या पाणचट भाज्यांना मात्र दाणे कमी पडतात. त्यांना कारळे हवेत. अर्धी वाटी कारळे कोरडे, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं. दाणा मुळातच काळाभोर, त्यामुळे भाजल्याचा रंग दिसत नाही आणि इथेच लोक फसतात. कानाने भाजायचे: आधी काहीच नाही, मग तडतड सुरू होते, ती वाढते. तडतड भरात असताना खाली उतरवा आणि लगेच ताटात ओता. तडतड थांबेपर्यंत वाट बघितलीत तर कडू झाले. मग पाच सुक्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, सुपारीएवढी कोरडी चिंच आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून भरड वाटा. अर्ध्या किलो दुधीला दोन मोठे चमचे चटणी. गार वांग्यावर ही कच्च्या तेलाबरोबर घातली तर दही आठवतही नाही. जवसाची चटणी याच रीतीने, फक्त जवस चार मिनिटांत भाजून होतात.

मेतकूट व्हीगन आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण ते कायम तूप-भाताबरोबर खाल्लं जातं. डाळी, तांदूळ, गहू, धणे, जिरं, मेथी, मोहरी, हळद, हिंग, सुंठ. वाफवलेल्या बटाट्यावर, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कच्चं तेल आणि दीड मोठा चमचा मेतकूट. पाच मिनिटं मुरू द्या. विदेशी न्यूट्रिशनल यीस्टचा (चीजसारख्या चवीसाठी व्हीगन मंडळी भुरभुरतात त्या यीस्टच्या पुडीचा) डबा हवाच असेल तर आणा, त्याची चव वेगळी आणि चांगली आहे, पण बटाट्यासाठी तो लागत नाही.

एक सूचना पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ठाण्यात कूट उघड्या डब्यात आठ दिवसांत सादळतं आणि दाण्याला खवट वास येतो. शंभर ग्रॅमच्या वर करू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका.

मोहरी फेसणं ही आता विस्मरणात चाललेली गोष्ट. आपलं भोपळ्याचं भरीत तिच्यावरच उभं आहे. दोन लहान चमचे मोहरी कोरडी भरडून, मग दोन मोठे चमचे थंड पाणी थोडंथोडं घालत पाट्यावर किंवा खलात घोटायची, पांढरट फेस येईपर्यंत. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग नाकाजवळ नेऊन बघा. झणका मेंदूपर्यंत गेला की झाली. झणका मोहरीत तयार नसतो, पाणी लागल्यावर तिच्यातलं विकर तो बनवतं. गरम पाणी घातलं तर विकर मरतं आणि हातात फक्त कडवटपणा राहतो. झणका आला की लिंबाचा रस एक लहान चमचा घालावा, तो टिकतो. आता दह्याऐवजी: अर्धी वाटी कच्चे दाणे चार तास भिजवून, सालं काढून, अर्धी वाटी पाण्यात गंधासारखे वाटा, त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर साखर आणि ही मोहरी. वाफवलेला भोपळा कोमट झाल्यावरच त्यात घाला. कढत भोपळ्यावर मोहरीचा झणका उडून जातो.

फोडणी सगळ्यांना येते असं धरून चालत होतो, पण चुका नेहमीच्याच दिसतात. अर्ध्या किलोला दीड मोठा चमचा तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, पाव हिंग, चार पाकळ्या लसणाचे काप, दोन सुक्या मिरच्या, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, एक लहान चमचा तीळ. मोहरी तडतडून शांत झाली की लसूण. लसूण गवताच्या काडीइतका पिवळा दिसताच गॅस बंद, मग तीळ, हिंग, मिरच्या, कढीपत्ता. पळीतली उष्णता लसूण पुढे तांबूस करतेच. तांबूस होईपर्यंत गॅसवर ठेवला तर ताटात तो काळा आणि कडू पोचतो. तिखटपूड घालायची असेल तर तीही गॅस बंद केल्यावर. फोडणी ओल्या भाजीवर पडली की नुसती चर्र वाजते आणि तेल घरंगळून जातं, म्हणून इथेही ती परातीतली दोन मिनिटं महत्त्वाची.

नारळाच्या दुधाबद्दल थोडक्यात: एक वाटी जाड दूध, पाव वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवलेली चार आमसुलं आणि त्यांचं पाणी, एक ठेचलेली मिरची, मीठ. उकळू नका, फुटतं. कोमट करून रताळ्यावर किंवा सुरणावर ओता. तिरफळं मिळाली तर चार-पाच ठेचून घाला, आतली काळी बी काढून. सुरण, अळू आणि पावसाळ्यात रानभाजी म्हणून येणारी शेवळं यांच्या बाबतीत मात्र नुसत्या वाफेवर विसंबू नये. घशाला खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक वाफेने जात नाहीत. सुरणाला आमसूल किंवा चिंच लावून मगच वाफवा आणि पूर्ण मऊ होऊ द्या. अळूला चिंच, शेवळांना काकडं (रानातली आंबट फळं), ही जुनी जोडी उगाच नाही.

आणि वाफेतच चव भरायची असेल तर त्याचा धडा पनवेल-उरणपासून अलिबागपर्यंत दर हिवाळ्यात शेताच्या बांधावर गिरवला जातो. पोपटी. मडक्याला आतून भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यात वालाच्या सालासकट शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, ओवा आणि जाडं मीठ, तोंडाला पुन्हा पाला ठासून मडकं उलटं आणि भोवती जाळ. पाण्याचा एक थेंब घालत नाहीत. शेंगांचाच ओलावा वाफ होतो, पाल्याचा कडसर वास घेतो आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे पुन्हा शेंगांवरच उतरतो. मीठ धुऊन जायला खाली पाणीच नाही. बरेच जण त्यात अंडी-कोंबडी घालतात, पण शेंगांची पोपटी त्यावाचून अडत नाही.

फ्लॅटमध्ये मडकं पेटवता येत नाही, पण तत्त्व उचलता येतं. केळीचं पान गॅसवर दोन्हीकडून फिरवा, हिरवा रंग गडद आणि चकचकीत झाला की ते लवचीक होतं, नाहीतर घडीवर फाटतं. त्यात पाव किलो कोवळ्या वालाच्या शेंगा, दोन लहान बटाट्यांच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी, एक लहान चमचा ओवा हातावर चोळून, अर्धा लहान चमचा जाडं मीठ. भांबुर्डा मिळाला नाही तर गॅलरीतल्या कुंडीतल्या पानओव्याची सहा-आठ पानं. चव वेगळी येते, तरी आपल्या जागी चांगली. पुडी घट्ट बांधून २५ मिनिटं वाफवा आणि बांधलेलीच पाच मिनिटं राहू द्या. गणपतीच्या सुमारास बाजारात हळदीची पानं येतात, ती पातोळ्यांपुरती न ठेवता भोपळ्याच्या फोडींभोवती गुंडाळून बघावीत.

बाटल्यांविषयी. सोया सॉस चांगला आहे, पण एका मोठ्या चमच्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ असतं, तेवढं बाकीच्या मिठातून वजा करा. तयार मसाले आणि सूप पावडरींवरचा हिरवा ठिपका पाहून फसू नका. तो शाकाहाराचा आहे, त्यात दूध आणि मध बसतात. घटकांच्या यादीत 'मिल्क सॉलिड्स' शोधा. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम २०२२ साली आले, त्यांची स्वतंत्र खूणही आहे.

जेवण म्हणून नुसत्या भाज्या पुरत नाहीत, हेही छापलं पाहिजे. ३० ग्रॅम दाण्याच्या कुटात जेमतेम ७ ग्रॅम प्रथिनं. वाटीभर मोड आलेले मूग (८ ते १० मिनिटं) किंवा मटकी (१० ते १२) त्याच चाळणीत वाफवता येतात. ब-१२ मात्र यातल्या कशातूनच भरवशाने मिळत नाही. दूधही बंद केलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारून वेगळं घ्यावं.

आपल्याकडे विनंती एवढीच: अशी पाककृती छापताना भाजीचं वजन, फोडीचं माप, मिनिटं आणि मीठ नेमकं कधी घालायचं, या चार गोष्टी येऊ द्या. जागा कमी पडत असेल तर फोटो थोडा लहान करावा.

आपल्या,
घरगुती डबे पुरवणाऱ्या दोघी,
ठाणे (पश्चिम)